अरुंद रुळांचा वारसा

हिंगोली म्हटलें म्हणजे महाराष्ट्रांतील माणसास औंढा नागनाथाचें पुरातन देवालय आठवतें, नामदेवांची नर्सी आठवते. इतिहासाची आवड असणारास निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी आठवते. त्या गांवाच्या आगगाडीलाही एक इतिहास आहे, हें मात्र सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. मनमाडहून निघून गोदावरीच्या खोऱ्यांतून सिकंदराबादेकडे जाणारा मीटरमापी लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभीं पुरा झाला. त्या मार्गावरील पूर्णा स्टेशनापासून हिंगोलीपर्यंत सुमारें ५० मैलांचा एक फांटा निजामाच्या रेल्वेनें १९१२ सालीं सुरू केला. वसमतेवरून हिंगोलीस येऊन ही गाडी थांबे. पुढें वाशीम, अकोला, खांडवा या बाजूस रूळ नव्हते. जवळजवळ अर्धशतक हिंगोली हें शेवटचें स्टेशन राहिलें. १९६० च्या सुमारास खांडव्यापर्यंतची जोड पुरी झाली, आणि मग राजपुतान्यांतून निघालेली मीटरमापी गाडी माळवा, निमाड, वऱ्हाड आणि मराठवाडा ओलांडून थेट हैदराबादेपर्यंत धांवूं लागली.

आज त्या मीटरमापी रुळांचा मागमूसही हिंगोलीस उरलेला नाहीं. २००८ सालीं अकोला ते पूर्णा हा मार्ग रुंदमापी झाला. हें व्हावयास हवेंच होतें, यांत शंका नाहीं. माप निराळें असलें म्हणजे मनमाडसारख्या जंक्शनावर प्रत्येक पोतें, प्रत्येक गांठ एका डब्यांतून काढून दुसऱ्यांत भरावी लागे, आणि त्या हमालीचा भार अखेर शेतकऱ्याच्याच डोक्यावर बसे. रुंदीकरणानें ती अडचण गेली. परंतु ज्या दिवशीं जुने रूळ उखडले गेले, त्या दिवशीं त्या रुळांबरोबर एक सबंध कारागिरी, एक सामाजिक व्यवहार आणि तीन पिढ्यांच्या आठवणी यांचेंही काय करावें, हा प्रश्न कोणीं विचारला नाहीं. मीटरमापाची ही गत झाली. त्याहून अरुंद जे मार्ग महाराष्ट्रांत होते, त्यांच्या बाबतींत तोच प्रश्न आतां अधिक निकडीनें उभा आहे.

लोहमार्गाचें माप म्हणजे दोन रुळांच्या आंतील कडांमधील अंतर. हिंदुस्थानांतील रुंद माप साडेपांच फुटांचें, मीटरमाप सव्वातीन फुटांहून किंचित् अधिक, आणि त्याखालीं अडीच फूट व दोन फूट हीं अरुंद मापें. अरुंद माप निवडण्यामागें केवळ कंजूषपणा नव्हता. जेथें मालाची ये-जा बेताची आहे, जेथें मोठ्या पुलांचा आणि बोगद्यांचा खर्च परवडत नाहीं, तेथें मोठा मार्ग बांधणें म्हणजे हत्ती पाळून त्याकडून पाणी वाहवून घेण्यासारखें होय. हलके रूळ, लहान वळणें आणि बेताच्या वजनाचे डबे यांनीं तीच सोय थोडक्यांत होते, हा विचार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगांत सर्वत्र मान्य होत होता.

या विचाराची सर्वांत यशस्वी प्रयोगशाळा महाराष्ट्रांतच होती. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नांवाचा इंग्रज इंजिनियर १८८२ पासून जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरींत होता. बार्शी ही धान्याची व गळिताची नामांकित पेठ. पण मुख्य लोहमार्गापासून ती वीस-बावीस मैल दूर. बैलगाड्यांच्या रांगा कुर्डुवाडीकडे चाललेल्या त्यानें पाहिल्या आणि या वाहतुकीस हलकी रेल्वे पुरेशी आहे असें त्याच्या मनानें घेतलें. नोकरी सोडून त्यानें त्याचाच ध्यास घेतला. १८९५ सालीं लंडनमध्यें बार्शी लाईट रेल्वे कंपनी नोंदली गेली आणि १८९७ सालीं कुर्डुवाडी ते बार्शी अशी अडीच फुटी गाडी सुरू झाली.

कॅल्थ्रॉपचें म्हणणें साधें होतें. रूळ हलका ठेवावयाचा तर कोणत्याही आंसावर पांच टनांपेक्षां अधिक भार पडतां कामा नये; मग इंजिन असो, डबा असो कीं मालाची वाघीण असो. हा एकच नियम कसोशीनें पाळला म्हणजे वाराला ३० पौंड वजनाच्या रुळावरूनही भरगच्च माल नेतां येतो. इंजिनाचें वजन पुष्कळ आंसांवर वांटून दिलें, वाघिणी दाबीव पोलादाच्या आणि चार आंसांच्या केल्या, आणि बार्शीस पाठविण्यापूर्वीं १८९६ सालीं इंग्लंडांत लीड्स शहराजवळ मुद्दाम रूळ टाकून इंजिनियर लोकांस त्याचें प्रात्यक्षिक दाखविलें. पुढें इतर ठिकाणच्या हलक्या लोहमार्गांवरही हीं तत्त्वें उपयोगांत आलीं. बार्शी हें गांव लोहमार्गाच्या जागतिक इतिहासांत जें नोंदलें गेलें, तें यामुळें.

ही रेल्वे पुढें वाढत गेली. १९०६ सालीं ती पंढरपुरास पोंचली आणि आषाढी-कार्तिकीच्या वारकऱ्यांची सोय झाली. १९११ सालीं ती लातुरास गेली आणि १९२७ सालीं मिरजेस. सारा मार्ग मिळून सुमारें २०० मैलांचा झाला. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. लातूर निजामाच्या राज्यांत, सोलापूर जिल्हा ब्रिटिश अंमलाखालीं, मिरज संस्थानी मुलखांत, आणि कंपनी लंडनची! चार निरनिराळ्या सत्तांच्या संमतीशिवाय ही गाडी एक मैलही पुढें जाऊं शकली नसती. हे अरुंद मार्ग जन्मले तेच मुळीं सहकार्यांतून. एकानें भांडवल घातलें, दुसऱ्यानें जमीन दिली, तिसऱ्यानें गाड्या चालविल्या आणि चौथ्यानें माल पुरविला. ज्यांचा जन्म सहकार्याचा, त्यांचें जतनही सहकार्यावांचून होणें नाहीं.

१९५४ सालीं सरकारनें बार्शी लाईट रेल्वे विकत घेतली. विसाव्या शतकाच्या अखेरीस रुंदीकरण सुरू झालें आणि पुढील दहा-बारा वर्षांत कुर्डुवाडी, पंढरपूर, लातूर, मिरज हा सारा मार्ग टप्प्याटप्प्यानें रुंदमापी झाला. लातूरची मुंबईशीं सरळ जोड झाली, हा लाभ लहान नव्हे. परंतु ज्या मार्गानें हलक्या रेल्वेचें शास्त्र जगास शिकविलें, त्याचा पांच मैलांचा तुकडाही चालता राखावा असें घडलें नाहीं. येथें कोणा एकास दोष देतां येत नाहीं. रेल्वेचें काम वाहतुकीचें. तिनें तें केलें. नगरपालिकांस नव्या गाडीची घाई होती, आणि ती रास्त होती. जुन्याचा विचार करणें हें कोणाच्याच कामांत मोडत नव्हतें, म्हणून तें झालें नाहीं. वारसा नष्ट होतो तो बहुधा वैरानें नव्हे, तर अशा रिकाम्या राहिलेल्या जागेमुळें.

याच कॅल्थ्रॉपनें इंग्लंडांत स्टॅफर्डशायरमध्यें मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यांतून बार्शीच्या धर्तीवर अडीच फुटी रेल्वे बांधली. ती १९०४ सालीं सुरू झाली आणि उत्पन्नाअभावीं १९३४ सालीं बंद पडली. रूळ काढले गेले. पण तेथील लोकांनीं ती पट्टी नांगराखालीं जाऊं दिली नाहीं. १९३७ सालीं त्या मार्गाची पायवाट करून ती लोकांस खुली केली. आजही लोक त्या वाटेनें हिंडतात आणि गाडी कोठून कशी वळत असे तें पायांनीं अनुभवतात. गाडी राखतां आली नाहीं तरी वाट राखतां येते, हा त्यांतील बोध आहे.

आतां वऱ्हाडाकडे वळूं. हिंगोलीहून वाशीम आणि अकोला ओलांडून पूर्वेस मूर्तिजापूर लागतें. या स्टेशनापासून दोन बाजूंस दोन अरुंद मार्ग निघत: एक उत्तरेस अचलपुराकडे, सुमारें ७६ किलोमीटरांचा, दुसरा आग्नेयेस यवतमाळकडे, सुमारें ११३ किलोमीटरांचा. लोक या गाडीला प्रेमानें ‘शकुंतला’ म्हणत. मुंबईच्या किलिक निक्सन या व्यापारी पेढीनें १९१० सालीं सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी स्थापन केली आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हे मार्ग बांधले. पुलगांव ते आर्वी हा सुमारें ३५ किलोमीटरांचा फांटाही तिचाच. वऱ्हाडचा कापूस मुख्य मार्गावर आणावा, तेथून मुंबईस आणि मुंबईहून मँचेस्टरच्या गिरण्यांस जावा, हा त्यामागील हेतु. मार्ग कंपनीच्या मालकीचा. गाड्या चालविण्याचें काम मात्र कराराप्रमाणें जी. आय. पी. रेल्वेकडे.

या करारांतच पुढील सर्व घोटाळ्याचें बीज होतें. स्वातंत्र्यानंतर देशांतील लोहमार्ग राष्ट्राच्या मालकीचे झाले, पण हा मार्ग राहून गेला. जी. आय. पी. ची जागा मध्य रेल्वेनें घेतली, आणि सरकारी रेल्वे खाजगी कंपनीच्या रुळांवरून गाड्या चालवून तिला मोबदला देत राहिली. मँचेस्टरच्या कारखान्यांतून १९२१ सालीं निघालेलें वाफेचें इंजिन या मार्गावर सत्तर वर्षांहून अधिक काळ राबलें. १५ एप्रिल १९९४ रोजीं त्यास विश्रांति मिळाली आणि डिझेल इंजिन आलें. शेवटच्या काळांत अचलपूरचा प्रवास चार तासांचा होता. लहान स्टेशनांवर मास्तर नसे; गार्डच तिकिटें देई. पण भाडें बसच्या मानानें फार थोडें, म्हणून मजूर, भाजीवाल्या बाया, शाळेचीं मुलें यांचा तिच्यावर भरंवसा होता.

मालक एक आणि चालविणारा दुसरा, अशी स्थिति असली म्हणजे दुरुस्तीचा खर्च कोणीं सोसावा हा वाद अटळ होतो. कंपनीस मोबदला हवा होता. रेल्वेस तोट्याच्या मार्गावर खर्च करणें जड जात होतें. रूळ झिजत गेले, गाडीची गति उतरत गेली, गति उतरली म्हणून उतारू कमी झाले, आणि उतारू कमी म्हणून खर्च करणें अधिकच व्यर्थ वाटूं लागलें. या चक्रांतून मार्ग निघाला नाहीं. २०१६ सालीं रुंदीकरणाची घोषणा झाली; त्याच दशकांत आधीं यवतमाळची आणि मग अचलपूरची गाडी थांबली. अचलपूर, मूर्तिजापूर या भागांतील नागरिकांनीं गाडी पुन्हां सुरू व्हावी म्हणून आंदोलनें केलीं. त्यांची मागणी वारशाची नव्हती. ती साध्या प्रवासाची होती. हें विसरून चालणार नाहीं. ज्या माणसास दवाखाना, बाजार आणि कोर्ट गांठावयाचें आहे, त्यास ‘तुमची गाडी हळू आहे म्हणून ती सुंदर आहे’ असें सांगणें ही थट्टाच होय.

खानदेशांतील पाचोरा-जामनेर हा ५६ किलोमीटरांचा मार्ग २०२० सालच्या साथींत थांबला आणि त्याच्याही रुंदीकरणाचें ठरलें. नागपूरहून छिंदवाड्यास जाणारी अडीच फुटी गाडी २०१५ सालीं, आणि नागपूर-नागभीड ही २०१९ सालीं बंद झाली. दख्खनच्या पठारावर एकेकाळीं जाळ्यासारखे पसरलेले हे मार्ग एका पिढीच्या डोळ्यांदेखत नाहींसे झाले. नागपुरास मोतीबाग येथें २००२ सालीं रेल्वेनें अरुंदमापी रेल्वेचें संग्रहालय उघडलें, ही समाधानाची गोष्ट. पण संग्रहालयांतील इंजिन आणि रुळावरील इंजिन यांत पेटींतली सतार आणि वाजणारी सतार यांइतकें अंतर असतें.

महाराष्ट्रांत चालता राहिलेला अरुंद मार्ग म्हणजे नेरळ-माथेरानचा. सर आदमजी पीरभॉय यांच्या भांडवलावर त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनीं तो १९०४ ते १९०७ या काळांत बांधला. खर्च सुमारें १६ लाख रुपये. माप दोन फुटांचें, लांबी सुमारें २० किलोमीटर, आणि चढ कोठें कोठें विसांस एक. या कामींही सल्लागार इंजिनियर कॅल्थ्रॉपच होता. ही गाडी टिकली याचें कारण ती सुंदर आहे एवढेंच नव्हे. माथेरानांत मोटारींस बंदी आहे, आणि गांवाचा चरितार्थ तिच्याशीं बांधलेला आहे. तरीही तिचा मार्ग निष्कंटक नाहीं. जुलै २००५ च्या अतिवृष्टींत रूळ वाहून गेले आणि २००७ पर्यंत गाडी बंद होती. २०१६ सालीं डबे घसरल्यामुळें ती पुन्हां थांबली. २०१९ च्या पावसानें मार्ग पुन्हां उखडला, आणि सबंध गाडी सुरू होण्यास ऑक्टोबर २०२२ उजाडावा लागला. दर वेळीं ती उभी राहिली, कारण रेल्वेखातें, माथेरानचे रहिवासी, दुकानदार आणि प्रवासी या सर्वांना ती हवी होती. शकुंतलेला तिच्या प्रवाशांखेरीज असें कोणी नव्हतें.

सहकार्यानें वारसा कसा राखतात, याचें पहिलें उदाहरण वेल्समधील टॅलिलिन रेल्वेचें. दगडी पाट्यांच्या खाणीसाठीं १८६५-६६ च्या सुमारास बांधलेला हा सात मैलांचा मार्ग १९५० सालीं मालकाच्या मृत्यूनें बंद पडण्याच्या बेतांत होता. लेखक एल. टी. सी. रोल्ट यांच्या पुढाकारानें बर्मिंगहॅम येथें सभा भरली, मंडळ स्थापन झालें आणि १९५१ सालीं स्वयंसेवकांनीं गाडी चालविली. त्यांचा उत्साह वाखाणण्यासारखा होताच. पण त्याहून शहाणपणाची गोष्ट निराळी होती. मालकीचा प्रश्न त्यांनीं प्रथम सोडविला. मालकाच्या वारसांचे दोन आणि मंडळाचे दोन असे प्रतिनिधि घेऊन नफा न घेणारी एक कंपनी त्यांनीं उभारली. हक्क आणि जबाबदारी एका ठिकाणीं आलीं. शकुंतलेच्या बाबतींत हीच गोष्ट शंभर वर्षांत झाली नाहीं.

आपल्याकडे दार्जिलिंगची गाडी १९९९ सालीं जागतिक वारशाच्या यादींत गेली; २००५ सालीं निलगिरीची आणि २००८ सालीं कालका-सिमल्याची गेली. हे सर्व डोंगरी मार्ग. डोंगरावरील रेल्वे प्रवाशाच्या डोळ्यांत भरते. सपाटीवरून कापूस वाहणारी रेल्वे भरत नाहीं. पण इतिहासाच्या दृष्टीनें दुसरीचें मोल पहिलीपेक्षां कमी नव्हे. पहिलीनें साहेबांस थंड हवेंत नेलें. दुसरीनें शेतकऱ्याच्या घामाचा माल जगाच्या बाजारांत नेला, आणि त्या बाजाराची तेजी-मंदी त्याच्या उंबऱ्याशीं आणून सोडली.

तेव्हां जतनाच्या वाटेंतील अडचणी चार आहेत. पहिली मालकीची: ज्याचे रूळ त्याची गाडी नव्हे, आणि ज्याची गाडी त्याचे स्टेशन नव्हे, अशा स्थितींत कोणीही पाऊल टाकीत नाहीं. दुसरी पैशाची: तिकिटांवर असा मार्ग चालणें नाहीं, आणि त्याचा लाभ ज्या गांवांस व व्यापाऱ्यांस होतो त्यांच्याकडून कांहीं घेण्याची रीत नाहीं. तिसरी कसबाची: वाफेच्या इंजिनाचा बॉयलर जाणणारे फिटर, अरुंद रुळाचें वळण हाताच्या अंदाजानें बसविणारे गँगमन हे एकामागून एक निवृत्त होत आहेत, आणि त्यांची विद्या कोणत्याही पुस्तकांत पुरती उतरलेली नाहीं. चौथी अडचण सर्वांत नाजूक: लोकांना रुंद गाडी हवी आहे. तिला विरोध करून वारसा राखूं म्हणणारा लोकांचा शत्रु ठरेल, आणि ठरावाही.

परंतु ह्या चौथ्या अडचणीचें उत्तर नेहमींच ‘हें किंवा तें’ असें नसतें. यवतमाळचेंच पाहा. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा नवा रुंदमापी मार्ग बांधावयास घेतलेला असून त्यांतील वर्धा ते कळंब हा तुकडा २०२४ सालीं खुला झाला. यवतमाळास रुंद गाडी निराळ्या वाटेनें पोंचली म्हणजे जुन्या अरुंद मार्गावरील निकड तितकी कमी होते, आणि त्याचा एखादा दहा-पंधरा किलोमीटरांचा तुकडा राखण्यास जागा होते. सबंध मार्गाचा आग्रह धरला तर कांहींच हातीं लागणार नाहीं. एक स्टेशन, एक पूल, एक इंजिन आणि त्यापुरते रूळ एवढें मागितलें तर कदाचित् मिळेल. रेल्वेनें रूळ व देखरेख द्यावी, कंपनीनें हक्क सोडावा, राज्य सरकारनें रस्ता आणि प्रसिद्धि पाहावी, गांवानें स्टेशन सांभाळावें, आणि जवळच्या तंत्रशाळांनीं जुन्या कामगारांच्या हाताखालीं मुलें बसवावीं: अशी वांटणी आधीं कागदावर झाली पाहिजे. केवळ सदिच्छेवर आगगाडी चालत नाहीं.

हिंगोलीस हें करण्याची वेळ निघून गेली. तेथें आतां रुंद रुळांवरून लांबच्या गाड्या जातात आणि त्यांचें स्वागतच केलें पाहिजे. पण हिंगोलीकरांच्या हातीं अद्यापि एक काम आहे. ज्यांनीं मीटरमापी गाडीवर पॉइंट्समन, फायरमन, गार्ड म्हणून दिवस काढले, ज्यांनीं त्या गाडीनें नर्सीची आणि औंढ्याची यात्रा केली, अशीं माणसें अजून वसमत, हिंगोली, वाशीम या गांवांत आहेत. त्यांच्या घरांतील जुनीं तिकिटें, कंदील, वेळापत्रकें आणि तोंडच्या हकीकती गोळा करावयास ना कंपनीची संमति लागते ना सरकारची मंजुरी. गांवच्या वाचनालयांतील एक कपाट आणि कॉलेजांतील चार विद्यार्थी एवढ्यावर आरंभ होतो. रूळ उखडल्यावर वीस वर्षांनीं तरी हें झालें, असें पुढच्यांनीं म्हणावें. तेंही झालें नाहीं, असें म्हणण्याची पाळी त्यांच्यावर येऊं नये.